शेकडा किती?

वाचन : नहेम्या ५:१-१३; लूक १४:२८-३०



कर्ज हा विषय आपण देवळात सहसा काढत नाही. आजारपणासाठी आपण प्रार्थना मागतो, मुलांच्या परीक्षेसाठी मागतो, पावसासाठी मागतो. पण हप्ता थकला म्हणून प्रार्थना करा, असे उघडपणे कोणी म्हणत नाही. लाज वाटते. शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला कळेल याची भीती वाटते. पवित्र शास्त्राला मात्र या विषयाची लाज नाही. कर्ज, व्याज, गहाण, जामीन या गोष्टी त्यात पुन्हा पुन्हा येतात, कारण त्या माणसाच्या घरात आणि जिवात शिरतात. म्हणून आज आपण या विषयावर मोकळेपणाने बोलू या.

नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय घरी नेऊन वाचावा. काळ ख्रिस्तपूर्व ४४५ च्या सुमाराचा. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतलेले आहेत आणि यरुशलेमचा पडलेला तट बांधण्याचे काम चालू आहे. त्या कामाच्या मध्येच गरिबांची ओरड उठते. दुष्काळात धान्य मिळावे म्हणून आम्ही शेते, मळे आणि घरे गहाण टाकली, असे काही जण सांगतात. राजाचा कर भरायला कर्ज काढले, असे दुसरे म्हणतात. काहींच्या तर मुलामुलींना दास्यात जावे लागले आहे. आणि हे सारे करणारे परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते, त्याच देवाची उपासना करणारे होते.

नहेम्याला राग आला. पण तो रागाच्या भरात बोलला नाही, आधी मनाशी विचार केला. मग मोठी सभा बोलावून सावकारी करणाऱ्यांना समोर उभे केले. शेते परत करा, घरे परत करा, आणि पैसा, धान्य, द्राक्षारस व तेल यांवर जो शंभरावा हिस्सा घेता तोही परत करा, असे त्याने सांगितले. शंभरावा हिस्सा म्हणजे शेकडा एक. तो दर महिन्याचा दर असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे वर्षाला शंभरामागे बारा. एवढ्या दराने लोकांची शेते गेली होती आणि मुले गुलाम झाली होती. मग नहेम्याने आपल्या वस्त्राचा ओचा झटकून दाखवला. जो हे वचन पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाको, असा त्या कृतीचा अर्थ होता. सर्व सभेने आमेन म्हटले.

शेकडा हा शब्द आपल्याला नवा नाही. मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगावच्या बाजारात आजही व्याज त्याच शब्दाने सांगितले जाते. शेकडा दोन, शेकडा तीन, अडचण मोठी असेल तर शेकडा पाच. आणि हा दर महिन्याचा असतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या डोंगरातली गोष्ट

नहेम्याच्या काळातली ओरड आपल्या भीमाशंकरच्या डोंगरांनीही ऐकलेली आहे. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचे होनाजी केंगले हे चांगल्या परिस्थितीतले, मान असलेले महादेव कोळी गृहस्थ. १८७३ मध्ये त्यांनी माणसे जमवली आणि पुणे, नगर, नाशिक, ठाणे या भागांतल्या सावकारांवर हल्ले सुरू केले. काही सावकारांची नाके कापली गेली. सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, खास पोलीस पथक पाठवले, आणि १८७६ मध्ये ते पकडले गेले. हिंसेचा मार्ग प्रभूचा नव्हे, हे आपण जाणतो. पण शांत डोंगरातली माणसे त्या टोकाला का गेली, हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

त्याच सुमारास, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्याच सुपे या बाजारगावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. लोकांना हवे होते ते सावकारांकडचे कागद : खते, कर्जरोखे, हुकूमनामे. कागद दिले तेथे माणसांना फारशी इजा झाली नाही. कारण लोकांचा जीव त्या कागदांत अडकला होता. कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला कळत नव्हते. किती घेतले, किती फेडले, किती उरले, हे फक्त सावकाराच्या वहीला ठाऊक.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने एक गोष्ट नोंदवली, ती आजही लक्षात ठेवावी अशी आहे. शेतकरी लग्नकार्यावर उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. आयोगाला आढळले की लग्नाचा खर्च हा कर्जाचे मूळ क्वचितच असतो. बियाणे, बैल, पोटापुरते धान्य, सरकारचा सारा अशा लहान लहान गरजांसाठी घेतलेली रक्कम व्याजाने फुगत जाई. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन खरा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. कर्ज घेणाऱ्याला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क दिला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना न्यायाची पहिली पायरी मिळाली ती हिशेब कळण्याच्या हक्काने.

आजची वही

बंधू-भगिनींनो, आज वही बदलली आहे. आता ती मोबाइलमध्ये आहे. चाकणला कंपनीत लागलेल्या मुलाला पहिल्या पगारानंतर क्रेडिट कार्डासाठी फोन येतो. घरातल्या बाईला मायक्रोफायनान्सच्या गटातून कर्ज मिळते. मोबाइलवरच्या अॅपमधून दहा मिनिटांत पैसे खात्यात येतात. यातले प्रत्येक वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. दवाखान्यात रात्री दोन वाजता पैसे लागतात तेव्हा कार्ड उपयोगी पडते. बिल मुदतीत पूर्ण भरले तर त्यावर व्याजही लागत नाही. पण पूर्ण भरले नाही तर काय होते, हे समजून घेऊ या.

अनेक कार्डांवर व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. बाजाराच्या भाषेत शेकडा साडेतीन, वर्षाला बेचाळीस. समजा, कार्डावर २०,००० रुपये बाकी आहेत. महिन्याचे व्याज ७०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२६ रुपये. एकूण ८२६. बिलावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते : कमीतकमी इतके भरा. समजा, ती रक्कम १,००० आहे. आपण हजार भरतो आणि सुटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मूळ कर्जातून कमी झाले फक्त १७४ रुपये.

पुढे कार्डावर एकही वस्तू घेतली नाही आणि दर महिन्याला हजारच भरत गेलो, तर हे वीस हजार फिटायला सुमारे ४३ महिने लागतात. म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक. एकूण भरणा ४३,००० च्या वर जातो. तेच दर महिन्याला २,००० भरले तर १३-१४ महिन्यांत कर्ज संपते आणि एकूण २६,३०० च्या आसपास जातात. म्हणून कमीतकमी भरायची रक्कम ही सवलत समजू नये. ती भरली तर दंड टळतो, व्याज टळत नाही. शिवाय जुनी बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला साधारणपणे बिनव्याजी मुदतही मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज धावू लागते.

कार्डावर एटीएममधून रोख काढणे तर आणखी महाग. अनेक बँका त्यासाठी अडीच टक्के किंवा किमान ५०० रुपये शुल्क घेतात. ५,००० काढले तर शुल्क आणि जीएसटी धरून ५९० रुपये तेथेच गेले, आणि व्याज त्याच दिवसापासून चालू.

आता अॅपचे पाहा. समजा, कागदावर कर्ज १०,००० चे. प्रोसेसिंग फी कापून हातात आले ९,०००. महिन्याने परत द्यायचे १०,३००. सांगणारा म्हणतो, व्याज फक्त तीन टक्के. पण आपल्या हाती आलेल्या ९,००० वर आपण १,३०० जास्त दिले. महिन्याला शेकडा चौदाहून अधिक झाले.

हप्त्यांच्या कर्जातही असाच एक फसवा आकडा असतो. १२,००० रुपये वर्षभरासाठी, व्याज सरसकट बारा टक्के, म्हणजे १,४४० रुपये, महिना हप्ता १,१२०. ऐकायला बारा टक्के. पण दर महिन्याला आपण मुद्दल परत करत असतो आणि व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवरच धरलेले असते. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. सरसकट व्याज की घटत्या शिलकीवर व्याज, एवढा एक प्रश्न विचारला तरी अर्धे काम होते. आणि शून्य टक्के व्याजाची जाहिरात दिसली तर हे आठवावे की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. व्याज कोठेतरी असतेच. कधी फीमध्ये, कधी वस्तूच्या किमतीत.

कायदा आणि विवेक

महाराष्ट्रात २०१४ पासून नवा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना असलेल्या सावकाराने शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांकडून अनुक्रमे १५ आणि १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घ्यावे, असे दर सरकारने ठरवले. याचा अर्थ महिन्याला शेकडा तीन घेणारा खासगी सावकार उघड उघड कायदा मोडतो. बँकेच्या कार्डाला मात्र ही मर्यादा लागू नाही. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

तेव्हा एकाचे शेकडा तीन बेकायदा आणि दुसऱ्याचे शेकडा साडेतीन कायदेशीर, अशी आज स्थिती आहे. कोणता व्यवहार कायद्यात बसतो हे न्यायालय सांगेल. पण कायद्यात बसणारी प्रत्येक गोष्ट आपल्या घराला झेपतेच असे नाही. आणि कायद्यात बसते म्हणून ती देवाच्या दृष्टीने चांगली असतेच असेही नाही. निर्गमाच्या पुस्तकात देव सांगतो की गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे, कारण तेच त्याचे अंथरूण असते. रात्री त्याला थंडी वाजेल का, याचा विचार देव करतो. कर्ज देताना आणि घेताना तोच विचार आपण करायचा आहे.

कर्ज घेणाऱ्यांना

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाबद्दल बोलतो. शेवटपर्यंत बांधता येईल का, हे पाहायला तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. प्रभूने तेथे शिष्यत्वाची किंमत समजावली आहे, हे खरे. पण बसून हिशेब करणे हे शहाण्या माणसाचे लक्षण आहे, हे त्याने गृहीत धरले आहे. सही उभ्या उभ्या करायची नसते.

म्हणून सहीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हातात किती येणार? एकूण किती परत जाणार? एखादा हप्ता चुकला तर काय? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी घर, वाहन, वैयक्तिक अशा नव्या हप्त्यांच्या कर्जांसाठी एक तथ्यपत्रक द्यायचे आहे. सर्व शुल्के धरून वर्षाचा खरा दर त्यात असतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. ते मराठीत मागा. मागणे हा उद्धटपणा नाही. १८७९ मध्ये आपल्या पूर्वजांना मिळालेल्या हक्काचाच तो पुढचा भाग आहे. क्रेडिट कार्डाला हे पत्रक लागू नाही, पण त्याचा वार्षिक दर आणि शुल्के बँकेने सांगावीच लागतात. आपल्या संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. नको असलेले कार्ड बाकी फेडून बंद करायला सांगितले तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते.

मायक्रोफायनान्सच्या बाबतीतही २०२२ चे नियम आहेत. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करू नये. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचे कर्ज घेतले, तर समजावे की कर्ज फिटत नाही, फक्त घर बदलते आहे.

नावातला घोळही टाळावा. किसान क्रेडिट कार्ड आणि बँकेचे क्रेडिट कार्ड या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पीककर्जाचा दर वर्षाला ७ टक्के, आणि वेळेत फेडणाऱ्याला त्यात ३ टक्के सवलत. राज्य सरकारच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला बिनव्याजी पडते. असा मार्ग उपलब्ध असताना बी-बियाण्यासाठी शेकडा तीनच्या दारात जाऊ नये. सातबारा, सोसायटी, फेऱ्या यांचा कंटाळा येतो हे खरे आहे. पण तो कंटाळा वर्षाला छत्तीस टक्क्यांना पडतो.

आपल्यातल्या सावकारांना

आता एक अवघड गोष्ट. नहेम्याने ज्यांना उभे केले ते सभेतलेच लोक होते. आपल्यातही कोणी शेजाऱ्याला, कामावरच्या माणसाला शेकड्याने पैसे देत असेल, तर त्याने हा अध्याय दोनदा वाचावा. मदत केली असे आपण म्हणतो. पण मदतीने समोरच्याचे ओझे हलके व्हायला हवे. ज्याने मुद्दलाइतके व्याज आधीच भरले आहे, त्याच्याकडून आणखी किती घ्यायचे हे देवासमोर बसून ठरवावे. नहेम्या स्वतःच्या घरापासून सुरू करतो. मी आणि माझे भाऊही पैसा व धान्य कर्जाने देतो, असे तो सभेत मान्य करतो, आणि मग सर्वांनी मिळून हे व्याज सोडू या, असे म्हणतो.

एकत्र येऊन मार्ग निघतो, हे वसईच्या कॅथलिक समाजाने दाखवून दिले आहे. मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये तेथे सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. आपले चर्च लहान आहे, आपली कमाई थोडी आहे. पण दहा घरांचा प्रामाणिक बचत गट आपल्यालाही जमेल. गटात घेतलेले व्याज गटातच राहते आणि पुढच्या अडचणीत आपल्याच माणसाच्या उपयोगी पडते.

जे आज अडकले आहेत त्यांना

ज्यांच्या मनावर आज हप्त्याचे ओझे आहे त्यांना आम्ही एवढेच सांगतो : लपवू नका. नवरा-बायकोने एकमेकांपासून लपवू नये. सगळी कर्जे एका कागदावर लिहा, प्रत्येकासमोर शेकडा किती ते लिहा, आणि सर्वांत महाग कर्ज आधी फेडायला घ्या. घरात सोने असेल आणि कार्डाचे व्याज शेकडा साडेतीनने चालू असेल, तर कमी व्याजाच्या सोनेतारण कर्जाने कार्ड फेडणे किंवा थोडे सोने मोडणे यात कमीपणा नाही. बँकेने ऐकले नाही, तर लेखी तक्रारीनंतर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. अॅपवाले फोटो पसरवण्याची धमकी देत असतील तर १९३० वर कळवा. बेकायदा सावकारीत जमीन अडकली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याकडे, अर्ज करता येतो. अर्ज लिहायला येत नसेल तर मिस्सानंतर थांबा, आपण मिळून लिहू. आणि कोणतेही कर्ज जिवापेक्षा मोठे नाही, हे विसरू नका.

एलिशा संदेष्ट्याकडे एक विधवा आली होती. सावकार तिचे दोन मुलगे न्यायला आला होता. एलिशाने तिला विचारले की तुझ्या घरात काय आहे. थोडे तेल होते. त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितले. चमत्कार देवाने केला, पण भांडी शेजाऱ्यांची होती. ती तेल विकून कर्ज फेडू शकली आणि उरलेल्यावर घर चालवू शकली. आपल्या चर्चमधल्या कोणाची अशी वेळ आली, तर भांडी देणारे शेजारी आपण व्हावे.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज क्षमा मागतो. मत्तयच्या शुभवर्तमानात तेथे जो मूळ शब्द आहे त्याचा अर्थ ऋण असा होतो. आपण सगळेच देवाचे ऋणी आहोत, आणि ते ऋण त्याने आपल्या पुत्राच्या रक्ताने फेडले. त्यावर त्याने शेकडा काही लावले नाही.

प्रार्थना करू या. हे दयाळू पित्या, आमच्यातल्या कर्जबाजारी घरांना धीर दे आणि मार्ग दाखव. सही करण्यापूर्वी बसून विचार करण्याची बुद्धी आम्हांला दे. ज्यांच्या हातात पैसा आहे त्यांच्या मनात नहेम्याचे धैर्य घाल. आणि एकमेकांचे ओझे उचलायला आम्हांला शिकव. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.